नव्वद दिवस कुणाकडे भरायचे?

पंढरपूर असो, करमाळा असो की अक्कलकोट, निवडणूक लागली की बंद कारखान्याचा विषय निघतोच. एक उमेदवार सांगतो, येत्या दसऱ्याला बॉयलर पेटवतो. दुसरा सांगतो, पहिली मोळी माझ्याच हातून गव्हाणीत पडेल. टाळ्या पडतात, कारण समोर बसलेल्यांत कुणाचा पगार अडकलेला असतो, तर कुणाचं उसाचं बिल. कारखाना सुरू व्हावा असं मलाही मनापासून वाटतं. पण तो सुरू होईपर्यंत, किंवा झालाच नाही तर, त्या गावातली माणसं कशावर जगतात आणि सरकारदरबारी ती कोण म्हणून उभी राहतात, हे कोणत्याही सभेत कुणी विचारत नाही. कारखान्याच्या भवितव्यापेक्षा मोठा सार्वजनिक प्रश्न मला हा वाटतो.

सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखान्यांचा जिल्हा. १९३० च्या दशकात सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरला स्वतःचा कारखाना उभा केला, त्याच सुमारास श्रीपूरला खासगी कारखाना आला, मग सहकाराची लाट आली. १९८० साली उजनी पूर्ण झालं आणि कालव्याच्या पाण्याबरोबर ऊस पसरला. पुढे खासगी कारखाने वाढले, प्रत्येकाने गाळपक्षमता वाढवून घेतली. ऊस मात्र त्या वेगाने वाढू शकत नव्हता. उजनीची क्षमता ११७ टीएमसी सांगितली जाते, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. ज्या वर्षी असा दुष्काळ पडतो, त्याच्या पुढच्या हंगामात गाळपाला ऊसच नसतो. एकेकाळी दिवाळीला सुरू झालेला हंगाम पाडव्यापुढे जायचा, आता अनेक ठिकाणी शिवरात्रीच्या आसपासच पट्टा पडतो. म्हणजे गावाचा मुख्य धंदा जायला कारखान्याला कुलूपच लागावं लागतं असं नाही. कारखाना कागदावर चालू असतो आणि हंगामी कामगाराच्या हातातले महिने एकेक करून निघून जातात.

कुलूप लागतं तेव्हा काय काय जातं, हे बाहेरच्याला चटकन दिसत नाही. कामगारांची यादी असते, तेवढीच मोजली जाते. पण ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारे शेतकी विभागाचे चिटबॉय, गेटबाहेरचा चहावाला, टायर काढणारा, ऊसतोड टोळ्यांच्या बैलांना पत्री मारणारा, ट्रॉलीच्या वेल्डिंगवर घर चालवणारा, टोळ्यांना उधारीवर किराणा देणारा दुकानदार, हे कुठल्याच यादीत नसतात. शेतकऱ्याच्या बाजूने निदान कायदा बोलतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, द्यायची, नाही तर वर १५ टक्के व्याज. साखर आयुक्तांकडून आरआरसी, म्हणजे वसुलीचा दाखला, निघाली की जिल्हाधिकारी जमीन महसुलासारखी वसुली करू शकतात. ही तरतूद किती वेळा वेळेवर वापरली जाते हा वेगळा वाद. पगाराचीही मुदत कायद्यात आहे, पण कामगाराच्या थकलेल्या पगारामागे असा जोर क्वचितच लागतो. बँक थकलेल्या कर्जापोटी सरफेसी कायद्याखाली कारखाना ताब्यात घेते, लिलाव होतो किंवा भाडेतत्त्वावर दिला जातो, आणि नवा चालवणारा पहिलं वाक्य हेच म्हणतो की मागच्या देण्याशी माझा संबंध नाही.

आमच्या भागातल्या एका गृहस्थांचं काम मी जवळून पाहिलेलं आहे. ते पॅनमन होते. साखर कारखान्यात उसाचा रस आटवून त्याचा पाक निर्वात भांड्यात उकळतात आणि त्यात साखरेचा दाणा धरवतात, ते काम पॅनमनचं. यंत्रावर तापमान दिसतं, दाब दिसतो, पण दाणा कसा बसतोय हे पॅनमनलाच कळतं. भांड्याच्या बाजूच्या नळीतून तो थोडा पाक काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो, दिव्यासमोर धरतो आणि बोटाने चोळून बघतो. दाणा बारीक पडला तर खाली मशीनमध्ये मळी नीट सुटत नाही. दोन दाणे चिकटले तर साखर पोत्यात भरायच्या लायकीची राहत नाही. हे गृहस्थ कुठल्या आयटीआयमध्ये शिकलेले नाहीत, थोरल्या पॅनमनच्या हाताखाली उभं राहून शिकलेले आहेत. कारखाना बंद पडल्यावर ते एका गुऱ्हाळावर गेले. तिथला गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटांत वळून बघतो, तशीच परीक्षा. आठवडाभरात त्यांच्या हाताला ते काम बसलं. चुलवाणासमोरच्या त्या कामात त्यांचं ज्ञान तसंच वापरलं जातं, फक्त आता त्याची नोंद कुठेही नाही.

गुऱ्हाळ उन्हाळ्यात थांबतं. मग द्राक्षाचा बेदाणा असतो. कासेगावच्या बाजूला शेड उभ्या राहतात, घड रॅकवर पसरायचे, वाळले की झाडायचे, निवडायचे. पावसाळ्याच्या तोंडाला मोटारी दुरुस्त करणं, पाइपलाइन जोडणं, कारण कारखान्यात राहिलेल्या माणसाला पाना धरता येतोच. आषाढीला महिनाभर पंढरपुरात एका हॉटेलच्या भट्टीवर, कारण पाक उकळण्यात हात धरणारा कुणी नाही. दिवाळीच्या आधी कुठे गवंड्याच्या हाताखाली, कुठे द्राक्षाच्या छाटणीला. त्यांच्या पत्नीचं वर्ष याहून भरगच्च. थंडीत द्राक्षाची विरळणी, माघात ज्वारीची काढणी, ती उक्त्यावर घेतलेली, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पहाटेपासून. घरी शिलाई मशीन, दोन शेरडं, आणि बचत गटातून कडक भाकरीची ऑर्डर आली तर रात्रीची भाकरी. बँकेत गृहकर्जाची चौकशी करायला गेले तेव्हा अर्जात व्यवसाय लिहायचा होता. ते मला म्हणाले, "कारखान्यात होतो तवा पॅनमन लिवत होतो. आता ह्यातलं कोणतं लिवू?"

शेवटी त्यांनी शेतमजूर लिहिलं. कर्ज मिळालं नाही.

अशा जगण्याला आपण "मिळेल ते काम" म्हणतो आणि त्यात दया असते. मला ही दया मान्य नाही. एका वर्षात इतकी कामं करायला प्रत्येक कामाचं वेळापत्रक, माणसं, हत्यारं आणि हातोटी माहीत असावी लागते. कोणत्या आठवड्यात कासेगावला हात लागतील, कोणत्या आठवड्यात ज्वारी पाडावी लागेल, कुठे मजुरी रोख आणि कुठे धान्यात, याचा हिशेब डोक्यात ठेवूनच हे घर चालतं. आमचा जिल्हा अवर्षणाचा. इथे एकाच धंद्यावर भिस्त ठेवणारं घर कधी टिकलेलं नाही. कोरडवाहू ज्वारी, त्याच्या जोडीला मेंढरं, त्याच्या जोडीला घोंगडी, वारीच्या काळात धंदा, दुष्काळात खडी फोडणं, हीच इथली जुनी रीत. कारखान्याचा एकच एक पगार हा दोन पिढ्यांना लाभलेला अपवाद होता. तो चांगला अपवाद होता, त्याने घरं बांधली, पोरं शिकवली. पण तो गेल्यावर माणसं निष्क्रिय होऊन बसत नाहीत. ती पुन्हा अनेक कामांकडे वळतात.

म्हणून माझा मुद्दा असा की कारखाना बंद पडल्यावर गावातून काम जातं त्यापेक्षा जास्त, कामाला चिकटलेला हक्क जातो. पीएफ गेला, ग्रॅच्युइटी गेली, बिनहंगामात मिळणारा रिटेन्शन भत्ता गेला, दवाखान्याची सोय गेली. माणूस पूर्वीइतकेच किंवा जास्त कष्ट करतो, पण त्या कष्टातून म्हातारपणासाठी एक रुपयाही कुठे साठत नाही.

आणि हक्क का साठत नाहीत? आपले बहुतेक कामगार कायदे माणसाला एकाच धंद्यात उभं केल्याशिवाय ओळखत नाहीत. बांधकाम कामगारांचं घ्या. १९९६ च्या कायद्यातली अट नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नव्या कामगार संहितेतही तशीच आहे. कल्याणकारी मंडळात नोंदणी व्हायची तर मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा, ठेकेदाराचा किंवा ग्रामसेवकाचा. वर मी ज्या गृहस्थांचं वर्ष सांगितलं, त्यांचे बांधकामावरचे दिवस ९० भरणं शक्यच नाही. गुऱ्हाळावरचे, बेदाण्याच्या शेडमधले, मोटारींचे, हॉटेलातले दिवस मिळवले तर वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस ते कामावर असतात. पण कायद्याच्या लेखी ते कुठल्याच धंद्याचे कामगार नाहीत. मग लोक काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. ओळखीच्या ठेकेदाराकडून ९० दिवसांचा दाखला लिहून आणतात. त्यांना खोटं बोलायची हौस नाही. खरं सांगितलं तर काहीच मिळत नाही, अशी अट आपण घालून ठेवली आहे.

ई-श्रमचंही तसंच. २०२१ साली असंघटित कामगारांसाठी हे पोर्टल आलं, त्यात मुख्य कामाबरोबर दुय्यम कामही नोंदवता येतं ही चांगली गोष्ट. पण ईपीएफओचा, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेचा, सदस्य असलेल्याला त्यात जागा नाही. बंद कारखान्याच्या नावावर ज्याचं पीएफ खातं अर्धवट लोंबकळत पडलंय, तो धड संघटित राहिला नाही आणि धड असंघटितही होत नाही. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात तर कारखाना नीट चालू असतानाही हंगामी माणूस मागेच राहत आला. कायमला वर्षामागे १५ दिवसांचा पगार, हंगामीला हंगामामागे ७ दिवसांचा. आयुष्यभर गाळप केलेल्या माणसाला निवृत्तीच्या वेळी हा फरक किती जड जातो, हे त्या घरांना विचारावं.

मला इथे सोलापूर शहराची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण शहर या वाटेने आधी गेलं आहे. १९४९ साली सोलापूरची जुनी गिरणी बंद पडली, तेव्हा जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने फक्त त्या एका गिरणीसाठी वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. एका भागधारकाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं, आणि तो खटला आजही कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. त्या काळी एका गावाचा धंदा बुडणं हा देशाच्या सरकारने रात्रीतून निर्णय घ्यावा इतका मोठा प्रश्न मानला जात होता. गिरणी पुढे कायमची बंद झालीच. पाठोपाठ इतर गिरण्याही गेल्या. गिरणगाव तगलं ते यंत्रमागावर, चादरी-टॉवेलवर, आणि त्याहून जास्त घराघरांतल्या विड्यांवर. पूर्व भागात बाई सुपात पानं घेऊन बसली म्हणून त्या घरात चूल पेटली.

विडीच्या कामात भरपूर शोषण होतं, तंबाखूने छाती जाते, मजुरी तुटपुंजी, माल नापास करून कापून घेतात. तरीही एक गोष्ट तिथे घडली, जी उसाच्या पट्ट्यात घडली नाही. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने आणि १९७६ च्या कल्याण निधीने घरी बसून विडी वळणाऱ्या बाईला कामगार मानलं. तिच्या हातात ओळखपत्र आलं, तिचा पीएफ कापला जाऊ लागला. त्या ओळखपत्राच्या जोरावर माकपचे कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली बायका वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या आणि कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार घरं उभी राहिली. पुढे त्याच माळावर रे नगरची ३० हजार घरांची योजना आली, त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. ज्या राजकारणाशी कुणाचे मतभेद असतील ते असोत. पण "मी अमुक कामगार आहे" हे सरकारने मान्य केलेलं असलं की घर मागता येतं, हे सोलापूरने सिद्ध करून दाखवलं आहे. बेदाणा, ज्वारी, विरळणी, शिलाई आणि भाकरी एकाच वर्षात करणाऱ्या बाईला ते मागता येत नाही.

यावर उपाय शोधायला परदेशात जायची गरज नाही. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. हमाल एकाच दिवशी चार गाळ्यांवर माल उतरवतो, त्याचा मालक कोण हे ठरवता येत नाही, म्हणून कायद्याने मालक शोधणंच सोडून दिलं. हमाल मंडळाचा. गाळेवाला मजुरी आणि तिच्यावर ठरलेला जादा वाटा, म्हणजे लेव्ही, मंडळात भरतो, आणि त्यातून हमालाचा पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार निघतो. मालक बदलले तरी हक्क माणसाजवळ राहतो. हीच कल्पना तालुक्याच्या पातळीवर आणा. एक तालुका मंडळ, एक नोंदवही, तीत माणसाचं नाव आणि त्याने ज्या ज्या कामावर दिवस भरले त्या सगळ्यांची बेरीज. गवंडीकामाचे ४०, बेदाण्याचे ४५, गुऱ्हाळाचे ८० मिळून जी बेरीज होईल तिच्यावर हक्क ठरावेत.

"पैसा कुठून आणायचा?" हा पहिला प्रश्न येतो. १९७२ च्या दुष्काळातही हाच प्रश्न होता. रोजगार हमीसाठी महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कर लावला, शहरातल्या पगारदाराच्या पगारातून तो कापला जातो आणि आजही तो वर्षाला २५०० रुपयांच्या पुढे जात नाही. हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २००५ साली देशाने ती कल्पना उचलली. ज्या राज्याने कंगाल वर्षांत हे केलं, त्याला आज बेदाण्याच्या पेटीवर, निर्यातीच्या केळीच्या बॉक्सवर, भाड्याने दिलेल्या कारखान्याच्या पोत्यावर थोडी लेव्ही बसवता येणार नाही, हे मला पटत नाही. व्यापारी विरोध करतील. माथाडी कायद्याच्या वेळीही विरोध झालाच होता.

दुसरा आक्षेप मी जास्त गांभीर्याने घेतो. कष्टकऱ्यांचे काही जुने कार्यकर्ते म्हणतात, अनेक कामांच्या जगण्याला असा मान दिलात तर कायम नोकरीची मागणीच मागे पडेल, आणि मालकांना हेच हवं आहे. ही भीती खोटी नाही. शहरात ॲपवर माल पोचवणाऱ्या पोरांना "भागीदार" म्हणून कसं राबवलं जातं ते आपण बघतोच. पण कायम नोकरीची वाट बघत आज राबणाऱ्या माणसाला हक्काशिवाय ठेवणं हाही त्याच मालकांचा फायदा आहे. लेव्ही बसली की फुटकळ मजूर फुकटात स्वस्त राहत नाही. तेव्हा कायम माणूस ठेवणंच बरं, असं काही ठिकाणी मालकालाही वाटेल.

मोठ्या एका धंद्याच्या जागी मोठा दुसरा एकच धंदा आणावा, अशीही मागणी असते. आपल्याकडे सांगोल्याच्या डाळिंबाचं उदाहरण ताजं आहे. उसाशिवाय तालुका उभा राहू शकतो असं डाळिंबाने दाखवलं, बंगले झाले, २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. मग तेल्या रोगाने बागा गेल्या, त्यातून वाचलेल्या खोडात भोकं पाडणाऱ्या किडीने गेल्या, आणि बागांबरोबर छाटणीचे, फवारणीचे, प्रतवारीचे दिवसही गेले. बागायतदाराचा निदान पंचनामा होतो. त्याच बागेत प्रतवारी करणाऱ्या बाईचे बुडालेले दिवस कोणत्याच पंचनाम्यात येत नाहीत.

ताबडतोब करता येण्यासारखं एक काम आहे, त्याला नवा कायदाही लागत नाही. एखादा बंद कारखाना लिलावाला किंवा भाड्याने जातो तेव्हा अटी छापल्या जातात. त्या अटींत कामगारांची थकबाकी बँकेच्या रकान्याखाली तळाला ढकलली जाऊ नये. पीएफची थकबाकी इतर देण्यांच्या आधी भागवायची असं पीएफचा कायदा सांगतोच. त्याच अटींत आणखी एक ओळ हवी: बंद पडण्याच्या दिवशी कारखान्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या घरांची नोंदवही ग्रामसभेसमोर वाचून पक्की करावी. त्यात कायम, हंगामी, रोजंदारी तर हवेतच, पण चिटबॉय, टायरवाला आणि गेटसमोर वडे तळणारी बाईही हवी. कोणाला काय येतं हे त्यातच लिहावं, आणि येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची जी सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आहे, ती तालुक्याच्या गावी आणून पॅनमनला, फिटरला, गुळव्याला तो कागद द्यावा.

या नोंदवहीत बायकांची नावं नवऱ्याच्या नावाखाली कंसात लिहू नयेत, स्वतंत्र ओळीत लिहावीत. कारखान्याच्या हजेरीपटावर त्या जवळजवळ कधीच नव्हत्या, सातबारावर क्वचित असतात, आणि कारखाना बंद पडल्यावर ज्यांच्या दिवसांवर घर उभं राहतं त्या याच असतात. पहिली नोंदवही कुठे करायची हे शोधत बसायला नको. ज्या कारखान्याच्या भाडेकराराची बोलणी आज सुरू आहेत, त्याच्या कार्यक्षेत्रातल्या ग्रामपंचायतींनी येत्या १ मेच्या ग्रामसभेत हा ठराव घ्यावा आणि त्याची प्रत पुण्याला साखर आयुक्तांकडे व जिल्ह्याला सहायक कामगार आयुक्तांकडे, पोच घेऊन, द्यावी.